‘इन्स्टॉल’च्या आधी एक पान हवं : लिनक्स डिस्ट्रो घडवणाऱ्यांना खुले पत्र

लिनक्सचे डिस्ट्रो (म्हणजे यंत्रावर टाकायला तयार केलेले लिनक्सचे वेगवेगळे अवतार) घडवणाऱ्या, त्यांचे इन्स्टॉलर लिहिणाऱ्या आणि डाउनलोडचं पान सांभाळणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी प्रोग्रॅमर नाही. नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टिम टाकून देणं, एवढाच माझा या विषयाशी संबंध. एकाचं यंत्र पुन्हा चालू झालं की तो दुसऱ्याला सांगतो आणि दुसरा आपला लॅपटॉप घेऊन येतो. अशी पंचवीस-तीस यंत्रं आतापर्यंत माझ्या हातून गेली. बहुतेक आजही रोजच्या वापरात आहेत. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे हे कित्येक दिवस मनात होतं, ते आधी मानते. पण त्यातल्या पाच-सहा यंत्रांवर लिनक्स टिकलं नाही आणि हे पत्र मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. त्यांतून माझी एक मागणी तयार झाली आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. स्क्रीन, कीबोर्ड, सगळं धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप त्यामुळे एका दिवसात ‘जुने’ ठरले. त्यांचे मालक आता तुमच्याकडे येताहेत आणि ते पूर्वीच्या वापरकर्त्यांसारखे नाहीत. १९९१ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर चालणाऱ्या आपल्या सिस्टिमची घोषणा केली, तेव्हा ती वाचणाऱ्यांना ३८६ म्हणजे काय हे ठाऊक होतं. आज येणाऱ्या माणसाला आपल्या लॅपटॉपमध्ये कोणता प्रोसेसर आहे हे माहीत नसतं. चालू स्थितीतली वस्तू टाकून द्यायला मन होत नाही, म्हणून तो आलेला असतो. आणि बहुधा त्याच्याकडे तेवढा एकच कॉम्प्युटर असतो. इन्स्टॉल अर्ध्यावर अडलं तर उत्तर शोधायला दुसरं यंत्र नसतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

माझा पहिला फसलेला लॅपटॉप एका निवृत्त शिक्षिकेचा होता. दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सेशन (इन्स्टॉल न करताच चालणारं लिनक्स) व्यवस्थित सुरू झालं, वाय-फाय जोडलं गेलं, आवाज आला. पण ब्राउझर उघडला की प्रत्येक साइट असुरक्षित असल्याचा इशारा. त्यांनी बँकेची साइट उघडून पाहिली, तिथेही तोच इशारा. अपडेटही नाकारलं जात होतं. मी पूर्ण संध्याकाळ नेटवर्कच्या सेटिंगमध्ये घालवली. रात्री कधीतरी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तारीख कित्येक वर्षं मागची होती.

लॅपटॉप बंद असताना वेळ सांभाळणारी नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपली होती. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. ज्या यंत्राचं घड्याळ मागे राहिलं आहे, त्याच्या लेखी यंदा दिलेलं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. पॅकेजच्या यादीवरही तारीख असते, तिचंही तेच. म्हणजे ब्राउझर बरोबर होता, अपडेट करणारा प्रोग्रॅमही बरोबर होता. नेटवर जाताच घड्याळ आपोआप जुळायला हवं होतं, पण त्या जोडणीवर वेळ विचारणारी विनंतीच बाहेर जात नव्हती. तारीख हाताने दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. पण बाईंच्या मनात ‘हे नवीन काहीतरी सुरक्षित नाही’ हे बसलं ते बसलंच. लिनक्स त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

तेव्हापासून मी कोणताही लॅपटॉप हातात घेतला की आधी घड्याळ बघते. तुमचा इन्स्टॉलर मात्र टाइम झोन विचारतो आणि पुढे जातो. त्याच्या हातातली प्रत काही महिन्यांपूर्वी तयार झालेली आहे हे त्याला कळू शकतं. यंत्राची तारीख त्या दिवसाच्याही मागची असेल तर ती चूकच असणार, हे ओळखायला नेट लागत नाही.

दुसरं कारण याहून कितीतरी जास्त वेळा भेटतं : मोडकळीला आलेली हार्ड डिस्क. लॅपटॉप घेऊन येणारे सगळे एकच वाक्य म्हणतात, ‘फार स्लो झालाय.’ दोष विंडोजचा आहे असं ते गृहीत धरतात, आणि सुरुवातीला मीही तसंच धरत होते. मग त्याच डिस्कवर लिनक्स टाकलं जातं. दोन-तीन आठवडे बरे जातात. नंतर फाइल उघडताना यंत्र मिनिटभर गोठतं, एके दिवशी डिस्कवर काही लिहिताच येत नाही, कारण चुका दिसल्यावर सिस्टिमने ती नुसती वाचण्यापुरती जोडलेली असते. सिस्टिमने केलं ते योग्यच. डेटा वाचवण्यासाठीच तसं करतात. पण मालकाचा निष्कर्ष एकच असतो की लिनक्सही बिघडलं.

आणि डिस्क हे सगळं आधीपासून सांगत असते. प्रत्येक डिस्कच्या आत स्मार्ट नावाची नोंदवही असते. किती सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) खराब झाले म्हणून बदलले, किती वाचता येईनात म्हणून रांगेत आहेत, डिस्क किती तास फिरली, सगळं त्यात मिळतं. स्मार्टसीटीएल ही आज्ञा दिली की काही सेकंदांत समोर. एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर मी ही नोंद पाहिली तेव्हा न वाचता येणाऱ्या सेक्टरांचा आकडा तीन अंकी होता. त्याआधी तिथे दोनदा लिनक्स टाकून झालं होतं. दोन्ही वेळा इन्स्टॉलरने काहीही न विचारता त्या डिस्कवर पूर्ण सिस्टिम लिहिली आणि शेवटी अभिनंदनाची चौकट दाखवली. त्याचा प्रबंध त्या डिस्कवर होता. निम्मा परत मिळाला.

इथे थोडं विषयांतर करते, कारण जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत याहून उपयोगी गोष्ट मला माहीत नाही. फिरत्या डिस्कला विखुरलेल्या जागांवरून वाचायचं असेल तर ती सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा वाचू शकते. साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क, तेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. सिस्टिम सुरू होणं, ब्राउझर उघडणं हे सगळं विखुरलेलंच वाचन. अडीच इंची एसएसडी बहुतेक जुन्या लॅपटॉपांत हार्ड डिस्कच्याच जागी, त्याच जोडणीवर बसते. एक-दोन स्क्रू काढायचे असतात. कोणता डिस्ट्रो हलका यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण फिरत्या डिस्कवरचा सगळ्यात हलका डिस्ट्रोही एसएसडीवरच्या मध्यम डिस्ट्रोपुढे मंद वाटतो. हे वाक्य तुमच्या डाउनलोडच्या पानावर असायला हवं असं मला मनापासून वाटतं. तिथून ते हजारो लोकांपर्यंत जाईल. मी सांगून किती जणांना सांगणार?

डाउनलोडच्या पानाचा विषय निघालाच आहे, तर ‘किमान गरज’ या आकड्याबद्दल. डेस्कटॉप किती रॅमवर सुरू होतो ते तुम्ही सांगता. माणसाला मात्र ब्राउझर वापरायचा असतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांच्यासारखा हलका डेस्कटॉप सुरू होऊन शांत बसला की एक जीबीच्या आत राहू शकतो. पण ईमेल, नकाशा आणि एक व्हिडिओ अशा तीन टॅब उघडल्या की दोन जीबीचं यंत्र स्वॅपवर जातं, म्हणजे रॅम पुरत नाही म्हणून डिस्क वापरू लागतं, आणि स्वॅप फिरत्या डिस्कवर असेल तर माउसही जागचा हलत नाही. लिनक्स मिंट हा डिस्ट्रो दोन आकडे छापतो, किमान दोन जीबी आणि आरामात वापरायला चार. मला ते प्रामाणिक वाटतं. फेडोराने २०२० साली ३३ व्या आवृत्तीपासून झेडरॅम आपोआप सुरू ठेवायला सुरुवात केली, म्हणजे रॅमचाच एक भाग माहिती दाबून भरण्यासाठी वापरायचा. कमी रॅमच्या यंत्रावर त्याने खरंच फरक पडतो. हलका म्हणवणाऱ्या प्रत्येक डिस्ट्रोत ते आधीपासून चालू असावं. टर्मिनलमध्ये जाऊन ते चालू करणं ज्याला जमतं, त्याच्याकडे बहुधा आठ जीबी रॅम असते.

प्रोसेसरचं प्रकरण मला सगळ्यात अवघड जातं, कारण तिथे मी तुमचीही बाजू समजू शकते. जुन्या ३२ बिट प्रोसेसरसाठीची प्रत तयार करायची तर प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधायचं, पुन्हा तपासायचं, आणि तपासायला यंत्रं व माणसं दोन्ही कमी. उबुंटूने २०१७ मध्ये डेस्कटॉपची ३२ बिट प्रत थांबवली, फेडोराने २०१९ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर राहिला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्सची साथ सोडली. हे सगळे निर्णय परत फिरवा असं मी म्हणत नाही. ज्या यंत्रावर ताजा ब्राउझर चालणार नाही, ते नेटच्या कामासाठी कोणाला देऊ नये, असं आता माझंही मत झालं आहे. लिहायला, गाणी ऐकायला द्यावं, पण तसं स्पष्ट सांगून.

पण आपलं यंत्र ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं हे मालकाने ओळखायचं कसं? २००६ च्या जानेवारीत आलेला कोअर ड्युओ ३२ बिटचा, आणि त्याच वर्षी जुलैमधला कोअर टू ड्युओ ६४ बिटचा. झाकणावरच्या स्टिकरवर फरक एका आकड्याचा. २००८ नंतरच्या छोट्या नेटबुकमधला अॅटम एन२७० पुन्हा ३२ बिट. पुढे काही स्वस्त यंत्रं अशी निघाली की प्रोसेसर ६४ बिट, पण त्याला सुरू करणारं यूईएफआय ३२ बिट. तिथे नेहमीची ६४ बिट प्रत पेन ड्राइव्हवर असूनही मेनूत दिसतच नाही. माझ्याकडे आलेला असा एक लॅपटॉप मी आठवडाभर ‘पोर्ट खराब’ समजून बाजूला ठेवला होता. डेबियनची प्रत त्यावर सुरू झाली, कारण या विचित्र जोडीची सोय त्यांनी करून ठेवली होती. ज्या कोणी ते काम केलं त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता ६४ बिटमध्येही, प्रोसेसरला कोणत्या जादा सूचना कळतात त्यानुसार, पायऱ्या पडू लागल्या आहेत. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्सच्या २०२२ मधल्या ९ व्या आवृत्तीने दुसरी पायरी मागितली, २०२५ मधल्या १० व्या आवृत्तीने तिसरी. तिसऱ्या पायरीला एव्हीएक्स२ हे सूचनांचं गाठोडं लागतं. ते इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून मिळू लागलं, पण पेंटियम आणि सेलेरॉन या नावांनी विकले गेलेले कित्येक प्रोसेसर त्यानंतरही अनेक वर्षं त्याशिवायच येत राहिले. म्हणजे खरेदीचं साल बघूनही उत्तर मिळत नाही. उद्या डेस्कटॉपचे डिस्ट्रो या वाटेने गेले तर जुन्या यंत्रांचा मालक पुन्हा काळ्या पडद्यासमोर बसलेला असेल, आणि कारण त्याला कोणी सांगितलेलं नसेल.

आता मागणी.

लाइव्ह सेशनमध्ये ‘इन्स्टॉल’चं बटण दिसण्याच्या आधी एक पान दाखवा. त्यात या यंत्राची तपासणी करून जे आढळलं ते साध्या वाक्यांत सांगा. ‘घड्याळ मागे आहे, आतली बॅटरी संपली असावी, आजची तारीख इथे भरा.’ ‘डिस्कचे काही भाग वाचता येत नाहीत, आधी फाइली दुसरीकडे घ्या आणि डिस्क बदला.’ ‘रॅम दोन जीबी आहे, एका वेळी एक-दोन टॅब चालतील.’ ‘वाय-फायची चिप ओळखली, पण तिचं फर्मवेअर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) या प्रतीत नाही.’ ‘या ग्राफिक्स कार्डसाठी कंपनीचा ड्रायव्हर आता मिळत नाही, खुल्या ड्रायव्हरवर काम चालेल.’ आणि ज्याचा गैरसमज मी किमान दहा वेळा पाहिला आहे, ते : ‘आत्ता तुम्ही पेन ड्राइव्हवरून चालवत आहात, इन्स्टॉल केल्यावर वेग याहून जास्त असेल.’ यूएसबी २ च्या पोर्टवर लाइव्ह सेशन रेंगाळलं म्हणून लोक तिथूनच परत गेलेले आहेत.

यासाठी नवा शोध लागत नाही. घड्याळ, डिस्कची नोंदवही, रॅम, प्रोसेसरच्या क्षमता, चिपचे क्रमांक, बॅटरीची उरलेली ताकद, हे सगळं चालू सिस्टिमला वाचता येतं. मी आज हेच वेगवेगळ्या आज्ञांनी बघते आणि कागदावर लिहून घेते. जागाही तयार आहे. लुबुंटू, मांजारो आणि डेबियनच्या लाइव्ह प्रतींमध्ये जो कॅलामारेस इन्स्टॉलर असतो, तो पहिल्याच पानावर पुरेशी डिस्क, पुरेशी रॅम, चार्जर जोडला आहे का, नेट आहे का, हे तपासू शकतो. त्या यादीत आणखी पाच-सहा ओळी मिळवायच्या आहेत. चार्जरबद्दल विचारणाऱ्याने जुन्या लॅपटॉपचा विचार आधीच केलेला आहे. तोच विचार जरा पुढे न्या.

पुढचं डिस्क वाटणीचं पान मात्र वेगळी काळजी मागतं. ‘डिस्क पुसा’ या पर्यायासमोर एसडीए, एसडीबी अशी नावं असतात. एका लॅपटॉपमध्ये छोटी एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क असं दोन्ही होतं. सगळे फोटो मोठ्या डिस्कवर, आणि आधीपासून निवडलेली डिस्क नेमकी तीच. मालकाने कर्सर बटणावर नेलेला होता, मी हात धरला म्हणून ते वाचलं. ‘या डिस्कवर विंडोज आहे’, ‘इथे फोटोंनी भरलेले फोल्डर आहेत’ एवढं जरी तिथे लिहिलं, तरी अंगावर काटा आणणारे असे प्रसंग टळतील. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल, तर रिकव्हरी की लिहून घ्या हेही तिथेच सांगायला हवं. इंग्रजीशिवायच्या लिपीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक : देवनागरी कीबोर्ड निवडल्यावर पासवर्ड कोणत्या लिपीत टाइप होतोय ते अक्षरांनी दाखवा. आपल्याच लॅपटॉपच्या दाराबाहेर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्यापैकी काहींना हे सगळं वापरकर्त्याने आधी वाचून यायला हवं असं वाटत असेल. माहिती विकीवर आहे, हे मला ठाऊक आहे. मी तिथेच शिकले. पण डेबियननेच या प्रश्नाचं उत्तर एकदा दिलेलं आहे. पूर्वी त्यांच्या अधिकृत प्रतीत मुक्त नसलेलं (म्हणजे ज्याचा कोड खुला नाही असं) फर्मवेअर नसायचं. इन्स्टॉल करताना ते वेगळ्या पेन ड्राइव्हवर आणून द्या असं सांगितलं जायचं, आणि नेटवर जायला वाय-फाय हाच एक मार्ग असलेल्या माणसाला वाय-फाय चालू करण्यासाठीच नेट लागायचं. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर अधिकृत प्रतीतच येऊ लागलं. तत्त्वाचा प्रश्न होता, त्यावर वर्षानुवर्षं वाद झालेले होते, तरीही यंत्रासमोर बसलेल्या माणसाचा विचार झाला. त्या बदलानंतर माझ्याकडे वाय-फायसाठी अडलेले लॅपटॉप येणं जवळपास थांबलं. मी जे मागते आहे त्यात कोणतंही तत्त्व मोडावं लागत नाही.

तुमच्यातले पुष्कळ जण हे काम आपल्या वेळातून, पैसे न घेता करतात याची मला जाणीव आहे. म्हणून माझ्याकडून जे होईल ते सांगते. तीन जुने लॅपटॉप मी केवळ चाचणीसाठी ठेवले आहेत. एक कोअर टू ड्युओ, एक ३२ बिट यूईएफआयवाला, आणि एक असा की ज्यात घड्याळाची संपलेली बॅटरी मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. खराब सेक्टर असलेल्या दोन डिस्क खोक्यात जपून आहेत. पानाचा कच्चा नमुना कोणत्याही डिस्ट्रोने काढला तरी मी तो या सगळ्यांवर चालवून काय दिसलं ते लिहून पाठवीन, आणि त्यातली वाक्यं मराठीत करून देण्याचं कामही माझं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देणारी एक वापरकर्ती